पत्रास कारण की... खोकला

मागच्या अंकात लांबलेल्या खोकल्याबद्दल लिहिताना मी शेवटी एक वाक्य टाकलं होतं, ‘व्हिटॅमिन डीवर फारसा भरवसा नाही, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.’ ते वाक्य मला महागात पडलं. या महिन्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांना रक्ततपासणीचा कागद जोडलेला आहे आणि प्रत्येक कागदावर एकाच ओळीभोवती पेनने गोल काढलेला. काहींनी तर दोनदा गिरवलेला. गेली २७ वर्षं मी छातीचे विकार बघते, पण एका आकड्याची इतकी धास्ती लोकांनी घेतलेली मी पाहिली नव्हती. तेव्हा या वेळचं पान त्या गोलालाच. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४६. सर्दी झाली, गेली, पण खोकला सात आठवडे झाले तरी हटत नाही. वर्गात बोलायला लागले की ढास लागते. तपासणीत डी ११ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आलं आणि सीआरपी ९. आमच्या जाऊबाईंचं म्हणणं असं, की डी कमी म्हणून अंगात इन्फ्लमेशन आणि इन्फ्लमेशन म्हणून खोकला. डी भरून निघालं की खोकला जाईल ना?

उत्तर : जाऊबाईंनी लावलेली साखळी ऐकायला बिनतोड आहे. अडचण एवढीच, की ती उलटीही फिरते.

आधी त्या शब्दाचं बघू. इन्फ्लमेशनला मराठीत धड शब्द नाही. ‘दाह’ म्हटलं की आग होणं डोळ्यांपुढे येतं, ‘सूज’ म्हटलं की फुगलेला पाय. पण इथे अर्थ असा, की शरीराला कुठेतरी इजा किंवा जंतू दिसला आणि त्याने तिकडे कुमक पाठवली. रक्त जास्त, पेशी जास्त, रसायनं जास्त. त्याचा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन सोडतं. म्हणजे सीआरपी ९ याचा अर्थ ‘कुठेतरी थोडी गडबड चालू आहे किंवा नुकतीच होऊन गेली’ एवढाच. कुठे आणि कशामुळे, हे तो आकडा सांगत नाही. सात आठवडे खोकणाऱ्या माणसाला ९ येणं यात नवल काही नाही.

आता साखळी उलटी कशी, ते सांगते. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया म्हणजे ठरवून केलेली मोठी जखम. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा ३३ रुग्णांचं रक्त शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. दोन दिवसांत सीआरपी उसळलं आणि डीचा आकडा जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला. दोन दिवसांत कुणाचं ऊन बंद झालं नव्हतं की कुणी काही खायचं सोडलं नव्हतं. डी रक्तातून एका प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं, आणि दाह सुरू झाला की ते प्रथिनच कमी होतं. म्हणून आजारी माणसाचं डी कमी दिसतं यावरून डी कमी असल्यामुळे तो आजारी पडला असं म्हणता येत नाही. गेल्या वीस वर्षांत ‘अमुक आजारात डी कमी आढळलं’ अशा ज्या असंख्य बातम्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच याच ठिकाणी घसरल्या.

तरीही ११ म्हणजे कमीच. नुसत्या खोकल्याने ते एवढं खाली येणार नाही, दिवसभर वर्गात राहण्याचाही त्यात वाटा असेल. ते भरून काढाच, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. आधी एक्स-रे आणि रक्तातलं कॅल्शियम बघून घ्या (कारण खाली एका उत्तरात येईल), मग तुमच्या डॉक्टरांना विचारून रोज घ्यायची गोळी घ्या. मी अशा वेळी बहुधा दिवसाला २००० युनिट देते आणि तीन महिन्यांनी पुन्हा आकडा बघते. त्याआधी बघून उपयोग नाही, हा आकडा सावकाश चढतो.

आणि खोकल्याची चौकशी वेगळी चालू ठेवा. विषाणूच्या सर्दीनंतर श्वासनलिका आठ आठवड्यांपर्यंत हळवी राहू शकते, त्यामुळे तुमचा खोकला आपोआप जाण्याची शक्यता अजून आहे. आठ ओलांडले की मात्र मी तुम्हाला समोर बसवून विचारीन : रात्री झोपेतून उठवतो का? छातीत शिटी वाजते का? जेवून आडवं झाल्यावर वाढतो का? नाकामागून घशात काही उतरतंय असं वाटतं का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का आणि तिच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा आहे का? या शेवटच्या प्रश्नाने मी किती खोकले बरे केले आहेत ते सांगितलं तर बढाई वाटेल. त्या गटातल्या गोळ्या काही जणांना कोरडा खोकला लावतात, गोळी बदलली की काही आठवड्यांत तो जातो. (मनाने बंद करू नका, बदलून मागा.) ताप, वजन उतरणं, रात्री घामाने अंथरूण भिजणं किंवा थुंकीत रक्त, यांपैकी एक जरी असेल तर आठ आठवड्यांची वाट बघू नका. एक्स-रे आणि थुंकीची तपासणी त्याच आठवड्यात.

प्रश्न : मी निवृत्त भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ या वाक्याचा मला कंटाळा आला आहे. व्हिटॅमिन डी फुफ्फुसात नेमकं करतं काय? यंत्रणा सांगता येत असेल तर सांगा, नसेल तर उत्तर देऊ नका.

उत्तर : सर, असं पत्र आलं की कॉलम लिहिण्याचा शीण जातो.

कातडीत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा एक रेणू असतो. २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण त्याच्यावर पडले की त्याचं एक वलय तुटतं आणि डी तयार होतं. ते अजून कामाचं नसतं. यकृतात त्याला एक जोड बसते, आणि आपण रक्तात मोजतो ते हे रूप. मूत्रपिंडात दुसरी जोड बसली की ते जागं होतं आणि आतड्यातून कॅल्शियम ओढायला लावतं. इतकं पाठ्यपुस्तकात होतंच.

नवं कळलं ते असं, की दुसरी जोड बसवायचं हत्यार मूत्रपिंडाशिवाय इतरही बाळगतात. फुफ्फुसांच्या पिशव्यांत गस्त घालणाऱ्या मॅक्रोफेज पेशींकडे ते असतं, श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशींकडेही असतं. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मॅक्रोफेजला क्षयजंतूच्या अंगाची ओळख पटली की ती हे हत्यार बाहेर काढते, आजूबाजूच्या रक्तातलं अर्धवट तयार डी आत घेते, जागच्या जागी पूर्ण करते आणि त्याच्या आदेशावर कॅथेलिसिडिन नावाचं एक प्रथिन बनवते. त्याच्या तुकड्यात ३७ अमिनो आम्लं असतात, आणि तो जंतूच्या आवरणाला भोकं पाडतो. रक्तात कच्चा माल कमी असेल तर हे प्रथिन कमी बनतं. प्रयोगशाळेत हे दिसतं आणि ते दिसलं तेव्हा आम्ही छातीवाले फार हरखलो होतो.

गंमत अशी, की डीच्या हुकमाने हे प्रथिन बनवायची सोय माणसात आणि आपल्या जवळच्या वानरवंशीयांत आहे, उंदरात नाही. त्यामुळे उंदरांवरच्या प्रयोगांना इथे जपूनच हात लावायचा.

दुसरं काम याच्या उलट्या दिशेचं, लगामाचं. जागं झालेलं डी दाह पेटवणाऱ्या काही निरोप्यांना, म्हणजे आयएल-६, टीएनएफ वगैरेंना, आवरतं आणि शांत करणाऱ्या पेशींना पुढे करतं. म्हणजे जंतूशी लढाईही व्हावी आणि लढाईत घर जळू नये, असा दुहेरी कारभार. तुम्हाला ‘वाढवते’ हे क्रियापद खटकतं ते बरोबर आहे. हे वाढवणं कमी आणि सांभाळणं जास्त.

पण सर, यंत्रणा बिनचूक असली म्हणून गोळीने आजार टळतो असं नाही. मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये, ८,८५१ शाळकरी मुलांवर चाचणी झाली. त्यांतल्या बहुतेक सगळ्यांचं डी खरोखर कमी होतं. निम्म्या मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिले, निम्म्यांना पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. डी मिळालेल्यांच्या रक्तातला आकडा छान चढला. क्षयाचा संसर्ग मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच, ३.६ आणि ३.३ टक्के. निकाल २०२० साली आला. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा पटेना. यापेक्षा सोयीची चाचणी डीला मिळणार नव्हती, मुलं कमतरतेची, मुदत लांब, मात्रा नेमाची. तरी नाही.

प्रश्न : तुमचे जुने अंक मी जपून ठेवतो. काही वर्षांपूर्वी तुम्हीच याच पानावर ‘डी घेतल्याने सर्दी-खोकला कमी होतो, आता पुरावा आला’ असं लिहिलं होतंत. मागच्या महिन्यात मात्र ‘फारसा भरवसा नाही’ असा सूर. वाचकाने कुठला अंक खरा धरावा?

उत्तर : दोन्ही. पण नंतरचा जास्त. सापडले, कबूल.

२०१७ साली एक मोठं संकलन आलं होतं. २५ चाचण्या, सुमारे ११ हजार माणसं, प्रत्येकाची माहिती वेगवेगळी मिळवून एकत्र केलेली. त्यात डी घेणाऱ्यांत श्वसनसंसर्गाची शक्यता १२ टक्क्यांनी कमी दिसली. ज्यांचं डी १० नॅनोग्रॅमच्या खाली होतं आणि जे रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेत होते, त्यांच्यात तर फरक फारच ठळक होता. महिन्यातून एकदा भलामोठा डोस घेणाऱ्यांत काहीच नाही. मी ते वाचून इथे उत्साहाने लिहिलं. आजही त्या पुराव्यावर मी तेच लिहीन.

पुढे चाचण्या वाढत गेल्या. ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांपैकी काहींचं रक्त तपासून, कमी असेल त्यांना सहा महिने डी दिलं. नॉर्वेत सुमारे ३४ हजार लोकांना रोज चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल किंवा दिसायला तसंच दुसरं तेल दिलं. २०२२ साली दोन्हींचे निकाल आले आणि दोन्हीकडे फरक नाही. २०२५ मध्ये त्याच संशोधकांनी आपलं संकलन नव्याने मांडलं, या वेळी माणसं साठ हजारांहून जास्त. १२ टक्क्यांचा फायदा ६ वर आला, आणि तोही योगायोगाच्या कुंपणाला टेकलेला. १० च्या खाली असलेल्यांमध्ये दिसलेला ठळकपणाही या गर्दीत वेगळा उठून दिसला नाही.

मला एक गोष्ट आवडली. आपलाच गाजलेला निष्कर्ष खाली उतरवणारा आकडा त्या लोकांनी स्वतःच छापला. मीही त्यांच्या मागे उभी राहते. सर्दी टाळण्यासाठी म्हणून धडधाकट, पुरेसं डी असलेल्या माणसाने गोळी घ्यावी असं मी आता सांगत नाही. तो जुना अंक फेकू नका, त्यावर पेन्सिलीने आजची तारीख टाका.

प्रश्न : माझं डी २४. लॅबच्या कागदावर लाल अक्षरात ‘अपुरे’ छापलंय. शिंकलं तरी घरचे त्या लाल अक्षरांकडे बोट दाखवतात.

उत्तर : २०११ साली अमेरिकेतल्या दोन जाणत्या मंडळींनी एकाच वर्षी दोन उत्तरं दिली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन म्हणाली, २० पुरे. एंडोक्राइन सोसायटी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना, म्हणाली, ३० हवं. लॅबवाल्यांनी ३० उचललं आणि निम्मं जग एका रात्रीत लाल झालं. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने तो ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांनी उगाच तपासणीच करू नये असं सांगितलं. छापील साचे बदलायला वेळ लागतो. तुमच्या २४ ला मी काही करणार नाही. शिंकेला रुमाल.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे. पंप रोज द्यायची मनाला फार भीती वाटते, त्यात स्टिरॉइड असतं ना. डी नैसर्गिक आहे आणि इन्फ्लमेशन कमी करतं असं वाचलं. पंप हळूहळू कमी करून डी वाढवलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. एवढं स्पष्ट ‘नाही’ या पानावर मी क्वचित लिहिते, म्हणून कारण देते.

तुमच्यासारखाच विचार करून डॉक्टरांनी तो तपासून बघितला आहे. ज्या मुलांचा दमा पूर्वी बळावलेला होता आणि ज्यांचं डी ३० च्या खाली होतं, अशांना पंप चालू ठेवून वर रोज ४००० युनिट दिले. ती चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. दम्याचे मोठे झटके कमी झाले नाहीत. त्याआधी २०१६ मध्ये चाचण्यांचा एक आढावा डीच्या बाजूने बोलला होता, २०२३ मध्ये तोच आढावा जास्त चाचण्या घेऊन पुन्हा केला तेव्हा तो फायदा उरला नाही. आणि लक्षात घ्या, यांतल्या मुलांचा पंप कुणी काढून घेतला नव्हता. पंप काढून त्या जागी डी देण्याची हिंमत कुठल्याही नैतिक समितीने केली नसती.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला एक बघायचं आहे. पुढच्या वेळी मुलगा पंप घेईल तेव्हा काही न बोलता शेजारी उभ्या राहा. पंप हलवतो का? स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावतो की थेट तोंडात दाबतो? दाबल्यावर स्पेसरच्या टोकाकडून पांढरा धूर निसटतो का? निसटत असेल तर ओठ नीट मिटलेले नाहीत. मग चार-पाच संथ श्वास, की एक घाईचा आणि ‘झालं, जाऊ खेळायला?’ माझ्याकडे ‘पंप लागूच पडत नाही’ म्हणून येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांचं औषध जिभेवर बसून पोटात जात असतं. ज्या स्टिरॉइडची तुम्हाला भीती आहे ते तर गेलंच, आणि फुफ्फुसाला काही मिळालं नाही. पंपाच्या मागे उरलेल्या डोसांचा आकडा असेल तर तोही बघा. शून्यावर आलेला पंप दाबला तरी फुस्स आवाज येतो.

नीट घेतलेल्या पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं. दमा भडकला की तोंडाने द्यावं लागतं ते मिलिग्रॅममध्ये, म्हणजे शेकडो पट. लहान मात्रा टाळून आपण मोठीला बोलावणं धाडतो. डीची वयानुसार नेहमीची मात्रा द्यायची तर जरूर द्या, हाडं वाढीची आहेत. पण पंपाच्या बाजूला, त्याच्या जागी नाही.

प्रश्न : मला डी कमी म्हणून दर आठवड्याला ६०,००० युनिटची कॅप्सूल आठ आठवडे लिहून दिली होती. अंगदुखी गेली, बरं वाटलं, म्हणून मी ती चालूच ठेवली. आता चौदा महिने झाले. अलीकडे तहान फार लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठतो, पोट साफ होत नाही. साखर तपासली, नॉर्मल. वयाचं असेल का?

उत्तर : आज कॅप्सूल थांबवा. उद्या रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) आणि डी तपासा आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. मासिक हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला हे पत्राने आधीच कळवलं आहे. इथे छापते ते बाकीच्या चौदा महिनेवाल्यांसाठी.

ब किंवा क जीवनसत्त्व जास्त झालं की बहुतेक लघवीवाटे जातं. डी चरबीत साठतं आणि महिनोन् महिने राहतं. ते अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. तहान, लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, मग सुस्ती आणि गोंधळ, आणि मूत्रपिंडाचं नुकसान. प्रौढ माणसाने देखरेखीशिवाय घ्यायची वरची मर्यादा दिवसाला ४००० युनिट धरतात, तुमची सरासरी त्याच्या दुप्पट भरते. मोठा डोस म्हणजे मोठा फायदा असंही नाही. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं, त्यांची हाडं वाचायच्या ऐवजी त्या जास्त पडल्या आणि हाडं जास्त मोडली. २०१० सालची गोष्ट.

यात माझीही एक चूक आहे, ती इथेच सांगून टाकते. बरीच वर्षं झाली. एक बाई आल्या, चाळिशीच्या, चार महिने कोरडा खोकला, थकवा. डी ८. मला तो आकडा इतका पटला, की खोकल्याचं कारण शोधायची माझी भूक तिथेच मेली. मी ‘डी भरू, मग बघू’ म्हणून मोठ्या मात्रेचा कोर्स लिहिला. एक्स-रे त्यांनी आणला होता. मी तो खिडकीकडे धरून बघितला, उजेडाच्या पेटीवर लावला नाही. सहा आठवड्यांनी त्यांना त्यांच्या नवऱ्याने धरून आणलं. ओठ सुकलेले, बोलताना शब्द सापडेनात. कॅल्शियम १२.९. साडेदहाच्या वर आम्ही दचकतो.

त्या रात्री मी तोच जुना एक्स-रे पेटीवर लावला. दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी गाठी, स्वच्छ दिसत होत्या. सार्कॉइडोसिस. या आजारात मॅक्रोफेज पेशींचे पुंजके जमतात आणि प्राध्यापक सरांना वर सांगितलं ते हत्यार त्यांच्याकडे बेफाम चालू असतं, मूत्रपिंडाचं असतं तसं आवरणारं कुणी नसतं. रक्तातलं अर्धवट डी त्या भराभर संपवतात, म्हणून आपण मोजतो तो आकडा कमी दिसतो. प्रत्यक्षात जागं डी जास्त असतं. मी कमी आकडा बघून आगीत सरपण टाकलं होतं. डी बंद, सलाइन, स्टिरॉइड. त्या बऱ्या झाल्या. मला बोलल्या नाहीत काही, नवरा मात्र बोलला आणि त्याला तो हक्क होता.

तेव्हापासून लांबलेला खोकला आणि कमी डी एकत्र आले की मी आधी एक्स-रे पेटीवर लावते, कॅल्शियम बघते, आणि मगच डी लिहिते. क्षयाच्या गाठींतही क्वचित असंच होतं.

प्रश्न : आमचे हे ६८ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा जुनाट आजार) आहे. सिगारेट सुटून सहा वर्षं झाली. वर्षातून दोन-तीनदा दम वाढून दवाखान्यात न्यावं लागतं, प्रत्येक वेळी स्टिरॉइडच्या गोळ्या. यांचं डी तपासावं का?

उत्तर : हो, यांचं तपासा. उगाच तपासू नका असं मी वर म्हटलं ते धडधाकटांसाठी. हे घरात बसून असणार, वयामुळे कातडी डी कमी बनवते, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या हाडं पोखरतात. एवढी कारणं पुरे. २०१२ साली सीओपीडीच्या रुग्णांना दर चार आठवड्यांनी एक लाख युनिट देऊन बघितलं, सरसकट फायदा झाला नाही. पण ज्यांचं डी १० च्या खाली होतं त्यांचे झटके कमी झाले. २०१९ मध्ये अशा चाचण्या एकत्र केल्या तेव्हाही कल तोच दिसला. म्हणून मी यांच्यासारख्यांत १० च्या खालचा आकडा सोडत नाही, मात्र मोठा मासिक डोस देण्यापेक्षा रोजची छोटी गोळी देते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या आहेत का? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. झाल्या नसतील तर डीच्या आधी त्या.

सिगारेट सोडवणारं माणूस पत्र लिहिणारंच असावं असा माझा अंदाज आहे. त्यांना सांगा, डॉक्टर म्हणाल्या बायकोचं ऐकत जा.

प्रश्न : आजी दिवसभर बंद काचेच्या खिडकीशी उन्हात बसते. तिला डी मिळतं ना?

उत्तर : ऊब मिळते. डी नाही, खिडकीची काच ते किरण अडवते. तावदान उघडा. ऊन चालेल असं की नाही ते सावलीवरून बघा, आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डी फारसं बनत नाही.

काचेने भल्याभल्यांना फसवलं आहे. नील्स फिन्सेन या डॉक्टरने कोपनहेगनमध्ये दिव्याच्या प्रखर झोताने चेहऱ्यावरचा क्षय बरा केला आणि १९०३ साली नोबेल मिळवलं. पुढे शंभर वर्षं ‘उजेड, डी आणि क्षय’ या गोष्टीत त्याचं नाव आदराने घेतलं गेलं. मग कुणीतरी त्याची जुनी भिंगं काढून तपासली, तर डी बनवणारे किरण त्या काचेतून पलीकडे जातच नव्हते. रोगी बरे झाले ते खरं, बहुधा त्या उजेडाने जंतूच्या आतलीच रसायनं पेटल्यामुळे. आजीला हे सांगून काही उपयोग नाही, पण मला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

प्रश्न : गोळी सकाळी घ्यायची की रात्री? आणि एखाद्या दिवशी विसरली तर?

उत्तर : ज्या जेवणात जरा स्निग्ध पदार्थ असतात त्या जेवणाबरोबर, मग ते सकाळचं असो की रात्रीचं. रिकाम्या पोटी घेऊ नका, नीट शोषली जात नाही. फिट्सची किंवा क्षयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यांतली काही डी लवकर संपवतात. विसरलात तर विसरलात, रक्तातला साठा निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.